शहाण्णव पानांची कादंबरी

हिरामावशी, तुला जाऊन आज अकरा दिवस झाले आणि मी अजून तुझ्यावर चिडलेलीच आहे. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. म्हणोत. सकाळी अंगणात पाणी मारता मारता खाली काय बसलीस, निर्मला आतून धावत येईपर्यंत संपलीससुद्धा. सुनेच्या हातचं पाणीही घेतलं नाहीस. एवढी कसली गं घाई होती? मला एक गोष्ट सांगायची होती तुला. पाच महिने सांगायची होती. माझ्या नारपोलीहून तुझ्या राहनाळला रिक्षाने वीस मिनिटं, कंटेनर आडवा लागला तर तास. पाच महिन्यांत तेवढा रस्ता मला तुडवता आला नाही आणि आता बसलेय तुझ्यावर डोळे वटारून.

तुझ्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स नाक्यावर लागलाय. त्यावर लिहिलंय की तू प्रेमळ होतीस, धार्मिक होतीस, सगळ्यांचा आधार होतीस. असशील. मला जी हिरामावशी माहीत आहे ती भांडखोर होती, हट्टी होती आणि एकसष्टाव्या वर्षी इंग्रजी कादंबरी वाचायला बसली होती. फ्लेक्सवर त्यातलं काहीच नाही.

मी तुझ्याकडे आले ती तुझ्या नातीची, रिद्धीची शिकवणी घ्यायला. बुधवार आणि शनिवार, दुपारी तीन ते पाच. पहिल्या दिवशी तू माझं आडनाव विचारलंस. मी सांगितलं. तू जरा थांबलीस. ते थांबणं मी पाहिलं, कारण ते पाहायची आम्हाला लहानपणापासून सवय असते. मग म्हणालीस, "जेवलीस का गो?" आणि तुमच्याच ताटात, तुमच्याच ओट्यावर मला भात आणि बोंबलाचं कालवण वाढलंस. मी तुम्ही-तुम्ही करत होते तर खेकसलीस, "तुमी काय तुमी? मी काय तहसीलदार हाय?" तेव्हापासून तू तूच झालीस. मी मात्र तुझ्यासाठी म्याडमच राहिले, कितीदा सांगितलं तरी.

रिद्धीला शाळेत इंग्रजीला एक कादंबरी होती. एका पाद्र्याची गरीब पोर समुद्रकाठच्या मोठ्या घरात राहायला जाते, तिथली माणसं तिला धड आपलीही म्हणत नाहीत आणि जाऊही देत नाहीत. मी एकेक पान वाचायचे आणि रिद्धीला मराठीत सांगायचे. तू पलीकडे सुपात जवळा निवडत बसलेली असायचीस. मला वाटायचं, हिचं काय लक्ष असणार. एका शनिवारी वादळात ती पोर एकटीच घराबाहेर पडते तिथवर आलो आणि पाच वाजले. मी चपला घालत होते. तू फाटकापर्यंत मागे आलीस.

"म्याडम, त्या पाद्र्याच्या पोरीचा मंग काय झायला?"

"बुधवारी सांगते ना मावशी."

"बुधवारपरत मी काय करू? ती पोर पावसान भिजते तिकरं."

मी फाटकात उभी राहून तुला पुढची चार पानं सांगितली. तू ऐकून घेतलंस, आणि मग म्हणालीस, "तू सांगतेस त्यात तुजा मीठमसाला किती आन् तिचा किती, मना काय ठावं? मना शिकव. मीच वाचीन."

मी हसले. मोठ्याने हसले. त्या हसण्याची आता लाज वाटते.

तू मराठी सातवी शिकलेली. इंग्रजी अक्षरं येतात म्हणालीस, आणि खरंच येत होती, पण सगळी कॅपिटल. घरासमोरून दिवसभर कंटेनर वळतात गोडाऊनकडे, त्यांच्या पाठीवरची नावं बघून बघून तू अक्षरं पाठ केली होतीस. पुस्तक उघडलं तर आत बारकी लिपी. तुझा चेहरा बघण्यासारखा झाला. "ही कंची भाषा? ही आपल्या रस्त्यावरची न्हाय." बारकी लिपी शिकण्यात चार महिने गेले. एकदा तर तू मला गंभीरपणे म्हणालीस की इंग्रजांनी गाडीवर एक लिपी आणि घरात दुसरी ठेवली म्हणजे माणसं आतल्या गाठीची असणार. मी ते घरी जाऊन आईला सांगितलं, आम्ही दोघी पोट धरून हसलो.

आणि मग तू विचारलंस. हे मला नीट आठवतं, कारण सगळं बिनसलं ते इथूनच. पुस्तक उलटंपालटं करून पाहिलंस, मागची पानं मोजलीस. शहाण्णव. मध्ये चित्रं.

"इंग्लंडातली बाई लिवून गेली ती हीच गोस्ट?"

"हीच."

"सगली ह्याच्यातच हाय?"

"सगळी," मी म्हणाले.

काय बिघडलं असतं गं, ‘नाही मावशी, ही शाळेच्या पोरांसाठी छोटी केलेली आहे, खरी याच्या सहापट मोठी आहे’ असं सांगितलं असतं तर? काही नाही. तू म्हणाली असतीस, असू दे, आधी बारकी वाचू. तुझा स्वभावच तसा. पण मी म्हणाले, सगळी.

चौदा महिने लागले. एका दिवशी अर्धं पान, कधी पाऊण. आधी तू वाक्य वाचायचीस, मग मी अर्थ सांगायचे, मग तू ते तुझ्या भाषेत पुन्हा सांगायचीस, आणि ते मला पटेपर्यंत पुढे जायचं नाही असा तुझाच नियम. खरं तर पटायचं नाही ते तुलाच. "ती ‘उदास’ झाली आसं का बोलतेस? उदास मानूस खिरकी उघडते का? तिना खिरकी उघडलीय. ती वाट बघते." मी बघायचे तर खरंच, पुढच्याच पानावर कुणीतरी यायचं. मी इंग्रजी विषय घेऊन एम.ए. झालेली बाई, मावशी. मला खिडकी दिसली नव्हती. असं पंधरा-वीस वेळा झालं असेल. कुठल्याही कॉलेजात मला कुणी असं वाचायला शिकवलं नाही, तू शिकवलंस. हे मी तुला कधीच सांगितलं नाही. शिकवणीच्या बाईने असं सांगायचं असतं का, म्हणून.

पुस्तक संपलं त्या दिवशी तू आळीत पेढे वाटलेस. लोकांना वाटलं नातीचं लग्न ठरलं की काय, नात सातवीत. "मी इंग्लिश कादंबरी वाचली, आख्खी," तू प्रत्येक दारात सांगत होतीस आणि मी तुझ्यामागून पेढ्यांचा खोका धरून फिरत होते. आख्खी म्हणायचीस तेव्हा मी खोक्यातल्या पेढ्यांकडे बघायचे. पण फोटोत बघ, माझाच चेहरा जास्त फुललाय.

नंतर मी तुझ्यासाठी एक आजकालची कादंबरी आणली. ती मात्र आख्खी होती. भाषा सोपी, वाक्यं बारकी. एक बाई स्वयंपाकघरात बटाटे सोलते, नवऱ्याशी दोन शब्द बोलते, पुन्हा सोलते, आणि शेवटी एक दिवस बसमध्ये चढते. बस कुठे गेली ते लिहिलेलं नाही. तू सत्तर पानं शिव्या घातल्यास. "ह्याच्यात कायच होत न्हाय गो! पैसे परत माग." आणि एका बुधवारी पुस्तक मांडीवर पालथं ठेवलंस. मग म्हणालीस, "निर्मलाचंपन आसंच हाय. ती कई बोलत न्हाय." त्या दिवशी तू पुढे वाचलंच नाहीस, आत जाऊन सुनेसोबत भाकऱ्या थापायला बसलीस.

त्या बसवरून आपलं भांडण लागलं ते अजून मिटलेलं नाही. तुझं म्हणणं, ती माहेरी गेली, बाईमानूस अजून कुठे जाणार. मी म्हणायचे, नाही मावशी, ती कुठेच जात नाही, तिचं नुसतं निघणंच महत्त्वाचं. "कुटं लिवलंय? दाखव," तू म्हणायचीस आणि पुस्तक माझ्यापुढे सरकवायचीस. आता कशी दाखवू, ते मी एम.ए.च्या गाइडमध्ये वाचलं होतं. "पानावर न्हाय तर मी मानणार न्हाय," हे तुझं शेवटचं वाक्य त्या विषयावर. तुझंच बरोबर असेल. ती माहेरी गेली असेल. आता हे कबूल करून काय उपयोग, तू काय ‘बघ, मी बोललेली’ म्हणायला येणारेस?

मग तुझ्या पुतणीची हळद आली. मांडवात हजारभर माणूस, डीजेचा नुसता दणदणाट, आणि तू नवऱ्यामुलाकडच्या बायकांना पकडून पकडून तुझी कादंबरी सांगत होतीस. त्यात एक ठाण्याच्या कॉलेजात शिकवणारी होती. चांगली होती बिचारी, कौतुकाने ऐकत होती. रिद्धीने हौसेने पुस्तक आणून दाखवलं. ती कॉलेजवाली म्हणाली, "अरे वा, ही मुलांची आवृत्ती. छानच. खरं पुस्तक केवढं जाड आहे माहितीये, पाचशेच्या वर पानं." वाईट हेतूने नाही बोलली. मी दोन खुर्च्या सोडून बसले होते. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. तिला म्हणालीस, "जेवून जा हां," आणि पंगतीकडे गेलीस.

पुढच्या बुधवारी झोपाळ्यावर दोन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवलेली. जाडं तू रिद्धीकडून ऑनलाइन मागवलं होतंस.

"यो काय हाय गो, म्याडम?"

तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. मी तयारीत आले होते. पण तू अगदी हळू विचारलंस, आणि मी म्हणाले, "मावशी, ते तुला झेपलं नसतं."

"आसा," तू म्हणालीस. मग विचारलंस, "तू वाचलंस?"

"म्हणजे काय! एम.ए.ला होतं मला."

मावशी, मी ते वाचलेलं नाही. हेच सांगायचं होतं. मी ते जाडं पुस्तक तुझ्या झोपाळ्यावर पहिल्यांदा हातात घेतलं. एम.ए.ला होतं हे खरं, पण आमच्याकडे कोण वाचतंय? स्टँडजवळच्या दुकानातून गाइड आणायचं, बारा प्रश्न पाठ करायचे, आठ लिहायचे. माझे वडील कापडाच्या लूमवर होते, शिफ्ट करून आले की त्यांना माझा आवाजही सहन व्हायचा नाही, मी मोरीत बसून पाठांतर केलंय. पास झाले तेव्हा वस्तीत सत्कार झाला, विहारात माझं नाव पुकारलं, आई पदर डोळ्याला लावून पहिल्या रांगेत. आमच्यात इंग्रजीत एम.ए. झालेली मी पहिली. त्या बाईने एकही इंग्रजी कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेली नव्हती, हे कुणाला सांगणार? शहाण्णव पानांची तीच पहिली, मावशी, माझीपण. तुझ्याबरोबर वाचली ती पहिली.

तुला वाटलं मी तुला ढ समजले. म्हातारी, सातवी शिकलेली, हिला कशाला खरं द्या, हिला पोरांचं पुरे. तसं काही नव्हतं गं. मला स्वतःलाच दुसरं येत नव्हतं म्हणून मी ते दिलं. हे एक वाक्य बोलले असते तर तू हसली असतीस. शपथेवर सांगते, मांडी थापटून हसली असतीस आणि म्हणाली असतीस, "मंग दोगी ढ! चल, बस." आणि आपण बसलो असतो.

त्याऐवजी काय केलं मी? "मंग शिकव," तू म्हणालीस, आणि मी उघडलं. पहिलं वाक्य अख्खा परिच्छेदभर लांब. तू बोट ठेवून, अडखळत, शेवटपर्यंत वाचलंस आणि माझ्याकडे बघितलंस. मला कळलं नव्हतं. तीन शब्द तर मी आयुष्यात पाहिले नव्हते. फोनमध्ये बघावं तर तू बघतेस. म्हणून मी चिडले. माझं हत्यार तेच आहे, अडले की चिडायचं. म्हणाले, "मावशी, तुझं बेसिकच कच्चं आहे, असं कसं चालेल? उच्चार बघ तुझे." रिद्धी शेजारी बसली होती. तू पुस्तक मिटलंस आणि मला म्हणालीस, "रागवू नको गो. माजं डोकंच जड हाय."

माफी तू मागितलीस. मी ती मागू दिली.

नंतर रिद्धीची परीक्षा आली, मग माझं सर्व्हेचं काम आलं, मग रिद्धीला मानकोलीच्या क्लासला घातलं. तू दोनदा फोन केलास. एकदा मी उचलला, म्हणाले, येते, नक्की येते. दुसऱ्यांदा स्क्रीनवर तुझं नाव बघत बसले, वाजून वाजून बंद होईपर्यंत.

काल दहावं झालं, दुपारनंतर मी आले. रिद्धी मला आत घेऊन गेली. "मॅम, आजीचं बुक." जाडं पुस्तक. मला वाटलं कोरं असेल. एकेचाळीस पानांपर्यंत शब्दाशब्दाखाली पेन्सिल, आणि समासात तुझ्या त्या वाकड्या मराठी अक्षरांत अर्थ. फोनला बोलून विचारायचीस म्हणे, फोनला कळायचं नाही तर त्यालाच शिव्या द्यायचीस. मी फोनमध्ये तपासले अर्थ. बरोबर होते मावशी. जवळजवळ सगळे बरोबर होते. एकटीने केलंस. आणि मध्ये मध्ये, सात जागी, वाक्याला चौकट करून लिहिलेलं: म्याडमला इचारायचं.

मी तुझ्या पलंगावर बसून ती सातही वाक्यं वाचली. मला दोन कळली.

"म्हयनाभर वाचत होत्या," निर्मला म्हणाली, "मंग ठेवून दिला. मी बोल्ले, का हो आई? तर बोलल्या, म्याडम येवढी शिकलेली, तिला म्हायती कोनाला जमल आन् कोनाला न्हाय." तिने हे सहज सांगितलं, कपाटातल्या साड्या बाजूला करता करता. त्यात माझ्यावर ठपका नव्हता. असता तर मी तिथे बोलून गेले असते.

बाहेर ओटीवर तुझ्या नात्यातल्या बायका बसल्या होत्या, आणि तुझा मुलगा. टक्कल केलेलं, डोळे सुजलेले. मला बघून उठून उभा राहिला, खुर्ची पुढे केली, सगळ्यांना सांगितलं की या म्याडम, आईला इंग्लिश शिकवायच्या. बायका माझ्याकडे आदराने बघायला लागल्या. मी ठरवून आले होते मावशी. रिक्षात वाक्य जुळवलं होतं. ‘तुमच्या आईला सगळं येत होतं, मलाच येत नव्हतं’, एवढंच. इतकी माणसं जमलेली, याहून चांगली वेळ कुठली मिळणार होती.

तोच आधी बोलला. "या वयात आईचं काय डोकं चालणार? तिलापन ठावं होतं. पन तुमी तिला कधी कमी लेखलं न्हाय. मोठं पुस्तक मागत होती तरी समजावून सांगितलंत. तुमचे उपकार हायेत म्याडम," आणि त्याने हात जोडले.

"छे हो, उपकार कसले," मी म्हणाले, आणि निर्मलाने पुढे केलेला चहा घेतला.